दुसऱ्या बॉक्समधली गाठ

बाबा,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं.

तुम्ही गेल्याला आज एकवीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. कॉलनीतल्या बायका आईच्या कानात कुजबुजल्यासुद्धा, पोराचं काळीज दगडाचं आहे म्हणून. आणि आज भर दुपारी मी स्वयंपाकघराच्या दारात बसून असा रडलो की आईला वाटलं मला करंट लागला. म्हणून हे पत्र. ते कुठल्या पेटीत टाकायचं हे मला ठाऊक नाही. पण आज लिहिलं नाही तर मी पुन्हा काहीतरी फोडेन, आणि या घरात फोडण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही.

माझं मराठी तुम्हाला माहीतच आहे. हिंदी शाळेत घातलंत, मग माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला हसायचा तुम्हाला हक्क नाही.

महिनाअखेर क्वार्टर सोडायचंय. शास्त्रीनगरात दोन खोल्या बघितल्यात. तुमच्या जागी मला घेणार म्हणे, आईनं अर्जावर माझी सही घेतली. बघा, शेवटी मला रेल्वेत घातलंतच! जिवंतपणी पट्ट्यानं जमलं नाही, ते शिडीवरून पडून जमवलंत.

तर आज सामान आवरताना पलंगाखालून माझे दोन स्पीकरबॉक्स ओढून काढले. तीन वर्षांची धूळ, आणि धूळ म्हणजे जयपूरची, बोटभर! उद्या कबाडी येणार होता. म्हटलं, लाकूड त्याला देऊ, आतले स्पीकर काढून ठेवू. पहिल्या बॉक्सची मागची फळी काढली, त्यात काही विशेष नव्हतं. दुसऱ्याची काढली, आणि आत तुमची गाठ होती.

मेण लावलेला काळा दोरा, सात वेढे, वर ती आडवी गाठ. इस्त्रीच्या वायरीला आहे तीच, माझ्या शाळेच्या दप्तराच्या पट्ट्याला होती तीच. रेल्वेच्या या अख्ख्या कॉलनीचे दिवे, पंखे आणि घंट्या तुम्ही बघायचात, आणि तुम्ही जोडलेल्या तारेवर अशी गाठ असायचीच. दुसरा कुणी वायरमन दोरा बांधत बसत नाही, टेप गुंडाळतो आणि निघतो. ती गाठ माझ्या बॉक्समध्ये काय करत होती, बाबा?

माझ्या गिटारचं तुम्हाला पहिल्यापासून वावडं. ‘चारच तारा? बाकीच्या विकून खाल्ल्यास काय?’ असं तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत. मी सांगत बसलो, की ही बेस गिटार, हिच्यावर गाणं वाजवत नाहीत, गाण्याच्या खालची जमीन वाजवतात. तुम्ही म्हणालात, ‘मतलब, ऐकू न येणारं वाजवतोस!’ आणि मिशीत हसलात. तेवढं एकदाच हसलात.

त्या चार तारांतली चौथी सगळ्यात जाड. ती छेडली की आवाज कानाला नाही, छातीला लागायचा. आईच्या मांडणीवरच्या थाळ्या आपोआप किणकिणायच्या. आई पोळ्या लाटता लाटता हसायची, ‘अरे, माझी भांडी नाचताहेत!’

तुम्ही ड्युटीवरून येऊन दार आपटलंत की त्याच थाळ्या तशाच किणकिणायच्या. तेव्हा ती हसायची नाही. हातातलं टाकून पाण्याचा तांब्या भरायची आणि बाहेर यायची. तांब्या यायला उशीर झाला तर काय व्हायचं, हे तिच्या मनगटाला विचारा.

किशन तुम्हाला आठवतच असेल. आठवायलाच पाहिजे! आमेरचा किशन, दिवसा नगीने, म्हणजे अंगठीतले खडे, घासायचा, संध्याकाळी आमच्या बँडमध्ये लीड गिटार वाजवायचा. अ‍ॅम्प्लिफायर त्यानंच जुळवला होता, दोन्ही बॉक्सही त्याच्याच हातचे. स्पीकरच्या मागे दोन पत्र्या असतात, एकीजवळ लाल ठिपका असतो. लाल तार ठिपक्याला, काळी दुसरीला, हा त्याचा नियम. तार लावताना तो मोठ्यानं म्हणायचा, ‘लाल को लाल, बाकी भगवान जाने.’

रेल्वेच्या अप्रेंटिसची परीक्षा होती त्या दिवशी मी एका लग्नात वाजवत होतो. हो, तुम्हाला फसवलं. हॉल तिकीट खिशात घेऊन, आईच्या हातून दही-साखर खाऊन निघालो, आणि गेलो वरातीला. पाच दिवसांनी तुम्हाला ऑफिसात कुणीतरी सांगितलं.

तुम्ही दुपारीच घरी आलात. मी सराव करत होतो. दार आपटल्याचा आवाज मला आलाच नाही, कारण थाळ्या आधीच वाजत होत्या. पहिला फटका कानावर बसला. मी वळेपर्यंत तुम्ही पिशवीतून हातोडी काढली होतीत. मला वाटलं मला मारणार. तुम्ही बॉक्सला मारलीत. एक, दोन, तिसऱ्या घावाला बाजूची फळी फाटली आणि आतली तार तुटून बाहेर लोंबायला लागली. चौथ्या घावाला मी मध्ये पडलो. हातोडी तुमच्या हातात वरच होती. मी तिच्याकडे खालून बघत होतो, बाबा. लोखंडाला सनमायकाचा चुरा चिकटला होता, तो मला अजून दिसतो.

मग तुम्ही हातोडी फेकलीत, ती आईच्या पायापासून वीतभर पडली. आणि पट्टा काढलात. पट्ट्याचं काय सांगू? पट्टा तुम्हाला पाठ होता आणि माझ्या पाठीला तुम्ही.

मी अजमेरला मामाकडे निघून गेलो. आठ दिवस तिथं पालथाच झोपलो. परत आलो तेव्हा बॉक्स जागच्या जागी उभा! नवी फळी, कडा घासलेल्या, खिळा एकही वाकडा नाही. आई तांदूळ निवडत होती. मी विचारलं, ‘कुणी केलं?’ ती म्हणाली, ‘किशन येऊन नीट करून गेला.’ तिनं मान वर केली नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. खोटं बोलताना आई तांदळात खडे शोधते.

किशनला मी काही बोललो नाही. घरचा तमाशा त्याला दिसला, याचीच लाज वाटत होती. त्यानंही विषय काढला नाही. तो कसा काढणार? त्याला काही ठाऊकच नव्हतं!

आणि तेव्हापासून माझी चौथी तार मेली.

वरच्या दोन तारा ठीक वाजायच्या. तिसरी अर्धवट. चौथी छेडली की नुसती टकटक, पुठ्ठ्यावर बोट आपटल्यासारखी. आवाजाचं पोटच गेलं होतं. थाळ्या गप्प बसल्या. महिनाभर मी त्या आवाजामागे वेडा झालो. तारा जुन्या झाल्या असतील म्हणून आईच्या वरणाच्या पातेल्यात त्या उकळल्या. त्यांच्यातला घाम आणि मळ निघतो, आम्ही सगळे करायचो. त्यावरून तुम्ही पातेलं अंगणात भिरकावलंत, ते आठवतंय? तारांखालचा, त्यांचा आवाज पकडणारा पिकअप स्क्रूनं वर घेतला, खाली घेतला. आवाज कमी-जास्त करायची बटणं पेट्रोलनं धुतली. जोडणारी वायर बदलली, दुसऱ्याकडून मागून आणलेली गिटार लावली. काही म्हणता काही नाही.

एक गोष्ट मात्र कळली होती, आणि तिनंच माझा घात केला. एकटा बॉक्स लावला की आवाज भरून यायचा. पहिला लावा, ठीक. दुसरा लावा, तोही ठीक. दोन्ही एकदम लावले की चौथी तार खलास! मी काय समजलो? की अ‍ॅम्प्लिफायरमध्येच काहीतरी केलंय, दोन बॉक्स ओढायची ताकद काढून घेतलीय. आणि अ‍ॅम्प्लिफायर कुणाचा? किशनचा. बॉक्स शेवटचा कुणी उघडला होता? किशननं. लोकांना नुसती त्याची लीड गिटार ऐकू यावी म्हणून! एकदा हे डोक्यात शिरलं आणि मग निघालंच नाही. संशय धरायची ही खोड मी कुठून उचलली हे सांगायला हवं का? आई भाजीला गेली की तुम्ही घड्याळ बघत बसायचात.

आणि त्या महिन्यात एकदा तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. हातात चहाचा कप. मी बॉक्सपुढं मांडी घालून बसलो होतो. तुम्ही म्हणालात, ‘आवाज येतोय ना?’

मी वर न बघता म्हणालो, ‘येतोय.’

‘मग झालं,’ म्हणालात आणि गेलात. मला वाटलं, टोमणा मारला. दात-ओठ खात मी अर्धा तास बसलो. आज कळलं, तुम्ही स्वतःच्या कामाची चौकशी करत होतात! दिवा लागला, पंखा फिरला, घंटी वाजली, की तुमचं काम संपलं. दिव्याला कुठली तार कुठं लावली यानं काय फरक पडतो? तीस वर्षं तुम्ही असंच केलंत आणि कधी चुकलं नाही. स्पीकरलाही तुम्ही दोन तारा लावल्यात, कुठलीही कुठंही, आवाज आला, आणि वर दोऱ्याचे सात वेढे दिलेत.

स्टेशनजवळच्या एका हॉटेलला कायमचा बँड हवा होता. रविवारी चार वाजता आम्हाला वाजवून दाखवायला बोलावलं. ते काम मिळालं असतं तर तुमच्यापुढे ताठ मानेनं उभा राहिलो असतो, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दोन गाणी झाली. मॅनेजर खुर्चीतून उठून माझ्यापुढं आला आणि म्हणाला, ‘भाईसाहब, आप बजा रहे हैं या पकड़ के खड़े हैं?’ वेटर हसले. मग तो किशनला म्हणाला, ‘बाकी सब ठीक है. इनके बिना आ जाना.’

किशन नाही म्हणाला, हे आधी लिहितो. तो म्हणाला, ‘विलास नहीं तो हम भी नहीं.’ पण मला ते ऐकू आलं नाही. माझ्या कानात नुसते वेटर हसत होते.

मॅनेजर गेल्यावर मी त्याला विचारलं, ‘बॉक्स में क्या किया तूने?’

तो अ‍ॅम्प्लिफायरवर डावा हात टेकवून मागची वायर काढत होता. वळून म्हणाला, ‘कौनसे बॉक्स में?’

‘जो तूने जोड़ा! मेरे पीछे, घर आके!’

‘माँ की कसम, मैंने हाथ भी नहीं लगाया.’

बाबा, मला दिसलं ते एवढंच, की हा माझ्या तोंडावर खोटं बोलतोय. आईनं स्वतः सांगितलंय आणि हा आईची शपथ घेतोय! माईकचा लोखंडी स्टँड जवळच होता. मी तो उचलला आणि त्याची गोल बैठक त्याच्या टेकलेल्या हातावर आणली. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा तो ओरडला, दुसऱ्यांदा त्याचा आवाजच निघाला नाही. मधली दोन बोटं. तारा दाबायचा हात होता तो. त्याच हातानं तो नगीना धरायचा.

ती बोटं जुळली, पण वाकडी. गिटार सुटली, नगीने सुटले. संक्रांतीला आमेरच्या छतांवर याच्यासारखा पतंग कुणी उडवत नव्हतं. आता तो दुसऱ्यांच्या मांज्याची चरखी धरतो. मी लांबून बघितलंय. जवळ जायची माझी छाती झाली नाही.

त्याच्या घरचे पोलिसांत गेले नाहीत. त्यानंच जाऊ दिलं नाही म्हणे. मी घरी येईपर्यंत बातमी कॉलनीत पोचली होती आणि तुम्ही पट्टा हातात गुंडाळून उभे होतात. ‘त्या पोरानं काय बिघडवलं होतं तुझं?’ पहिला वार गालावर, बक्कल बाहेरच्या बाजूला. मी ओरडलो, ‘खोटं बोलला तो! बॉक्स त्यानंच जोडला होता, आईला विचारा!’

आई भिंतीला टेकली होती, पदराचा बोळा तोंडात. आणि तुमचा हात थांबला.

मी ते बघितलं होतं, बाबा. वर गेलेला हात वरच राहिला. तुम्ही आईकडे बघितलंत, मग माझ्याकडे. मला वाटलं, दमलात. वय झालं म्हाताऱ्याचं! मग तुम्ही असे तुटून पडलात की पूर्वी कधी पडला नव्हतात. नळावर, अंगणात, कुंपणापर्यंत. शेजारी दारं लावून आत बसले. कुंपणापाशी मी तुमचं मनगट धरलं, पिरगाळलं आणि दुसऱ्या हातानं तुमच्या तोंडावर ठोसा मारला.

तुमचे दोन दात पडले. तुम्ही जमिनीवर बसलात आणि ते तळहातावर घेऊन बघत राहिलात. खाकी शर्टावर रक्त सांडत होतं. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

त्यानंतर तीन वर्षं एका छपराखाली. ‘त्याला सांग, रॉकेल संपलंय.’ ‘त्यांना सांग, मला ठाऊक आहे.’ आई मधल्यामधे निरोप्या. मी कसल्या कसल्या दुकानांत पंखे दुरुस्त करत फिरलो. बॉक्स पलंगाखाली गेले.

आता आजचं सांगतो. तुमची गाठ दिसल्यावर मी आत वाकून बघितलं. मग पेन्सिलनं ती तार जरा वर केली. काळी तार लाल ठिपक्याला लागली होती. तुमच्याच टॉर्चमधला सेल काढला. पहिल्या बॉक्सच्या वायरीला लावला, स्पीकरचा कागदी पडदा बाहेर उडी मारून आला. दुसऱ्याला तसाच लावला, कागद आत गेला. पुन्हा लावला, पुन्हा आत.

एवढंच होतं ते! एक बॉक्स हवा पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा ती मागे ओढायचा. बारीक आवाज त्यातून निसटून यायचे, जाड आवाज दोघांत मरून जायचा. एकेकटे दोघे चांगले. एकत्र आले की एकमेकांचा गळा धरायचे. काळी-लाल बदलली असती तर एका मिनिटाचं काम, बाबा! किशनला नुसतं ‘उघडून बघ’ म्हटलं असतं तर त्यानं हसत हसत केलं असतं.

गाठ मी सोडली नाही. वायरीच्या दुसऱ्या टोकाला, बॉक्सच्या बाहेर, तारा उलट केल्या. अ‍ॅम्प्लिफायर किशन घेऊन गेला होता, म्हणून आपला रेडिओचा जुना अ‍ॅम्प्लिफायर लावला. गिटारच्या तारांना गंज चढलाय. चौथी छेडली.

घर हललं! खिडकीची काच, मांडणी, सगळ्या थाळ्या एकदम. तीन वर्षांनी.

आणि आई स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

पदर सावरलेला, नजर खाली, तांब्या दोन्ही हातांत. दाराकडे चार पावलं गेली. मग तिथंच थांबली. दारात कुणी नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं, गिटारकडे बघितलं, आणि तांब्या कलंडला. पाणी तिच्या पायांवर सांडलं. मी तेव्हा रडलो. तुम्ही गेलात म्हणून नाही. तुम्ही गेल्यावरही ती पाणी घेऊन आली म्हणून.

मग तिला उघडा बॉक्स दिसला आणि ती बोलली. मी अजमेरला होतो तेव्हा तुम्ही दोन रजा टाकल्यात. फळी आणलीत, तिला रंधा मारलात, डिंक सुकेपर्यंत बॉक्सला पाठ लावून बसलात. आणि आईला म्हणालात, ‘माझं नाव काढलंस तर बघ. माझ्या हातचं आहे म्हटलं तर पेटवून देईल तो.’ तिनं विचारलं, मग कुणाचं नाव सांगू? तुम्ही म्हणालात, ‘सांग त्या किशनचं.’

पेटवून दिला असता का मी? दिला असता बहुतेक. पण मग एक बॉक्स जळाला असता, बाबा. दोन बोटं नाही.

आणि त्या संध्याकाळी तुमचा हात थांबला तेव्हा तुम्हाला कळलं होतं! किशन खरं बोलला, हे त्या अंगणात तुम्हाला आणि आईला कळलं होतं. चार शब्द होते. ‘बॉक्स मी जोडला होता.’ मी त्याच पावली आमेरला जाऊन त्याच्या पायांवर पडलो असतो. तोंड उघडायचं तिथं तुम्ही पट्टा चालवलात. कुणाला मारत होतात तेव्हा? मला की स्वतःला? स्वतःला मारत होतात तर माझी पाठ कशाला वापरलीत!

आई म्हणते, तुम्ही सुट्टीला आमेरची बस धरायचात. किशनच्या घरी पंखा बसवून आलात, घंटी लावलीत, मीटरपासूनच्या जुन्या तारा बदलल्यात. त्याची आई चहा द्यायची, तो उभ्यानं प्यायचात आणि निघायचात. त्याला तरी सांगितलंत का? नाही ना! सगळ्या घराची वायरिंग केलीत, पण एक वाक्य जोडता आलं नाही तुम्हाला.

मी सगळं तुमच्या माथी मारून मोकळा होत नाहीये. तो स्टँड तुम्ही माझ्या हातात दिला नव्हता. मी उचलला. दुसऱ्यांदाही मीच उचलला. तीन वर्षं त्याला चरखी धरताना बघून मी वाट बदलायचो, तेही तुम्ही शिकवलं नव्हतं. किंवा शिकवलं होतं. आता कोण सांगणार?

तर ऐका. कबाड्याला नाही म्हणून आलोय. उद्या सकाळी आमेरची पहिली बस. दुसरा बॉक्स टपावर टाकून नेणार आहे, मागची फळी काढूनच. किशनला ती गाठ दाखवेन. त्यानं ओळखली नाही तर त्याच्या घरचा पंखा उतरवीन आणि त्याच्या तारेवरची गाठ तिच्याशेजारी धरीन. मग सांगेन, की तू खरं बोलला होतास. हे माझ्या बापाला ठाऊक होतं आणि मला विचारायचं सुचलं नाही. माफी मागेन, पण ती द्यायलाच पाहिजे असं त्याला म्हणणार नाही.

त्यानं बॉक्स रस्त्यावर फेकला तर फेकू दे. त्याला उजव्या हातानं बेस शिकायची असेल, डाव्या हातानं जेवढ्या दाबता येतील तेवढ्या तारांवर, तर गिटारही नेतोय. आणि त्यानं माझ्यावर हात उचलला, जो हात चालतो तो, कितीही वेळा, तर बाबा, मी तो धरणार नाही. आजवर एकच हात धरला, तुमचा. दुसरा धरणार नाही.

आई आता झोपायच्या तयारीत आहे. मी तांब्या तिच्या हातून घेऊन भरला आणि तिच्या उशाशी ठेवलाय.

तुमचा,
विल्या